तुळईचा संशय

इंग्लंडातल्या एका जुन्या हवेलीच्या धुराड्यातून अजून धूर निघायचा, तेव्हाची गोष्ट. सरकारने कायदा केला, की या हवेलीत परवानगीशिवाय कुणी खिळाही ठोकायचा नाही. तरी छताची ओकच्या लाकडाची तुळई येणाऱ्याजाणाऱ्याकडे संशयानेच बघायची.

एके दिवशी सुतार हातोडी घेऊन शिडी चढला.

"हा मला कापायलाच आलाय," तुळई पुटपुटली.

"मलाही तसंच वाटतं, तुळईबाई," तिच्या पोटात वर्षानुवर्षं राहणारा किडा म्हणाला. "तो ठोकून बघेल. अंग आवळून धरा, पोकळ आवाज येऊ देऊ नका."

तुळईने अंग आवळलं. सुताराने ठोकलं, कान लावला आणि "ठणठणीत आहे, दुरुस्ती नको," म्हणत तो उतरला.

"आता तुम्हाला कुणी हात लावणार नाही," किडा म्हणाला आणि निवांत जेवायला बसला.