रेड्यापुढं उभी राहिलेली टिटवी

फार वर्षांपूर्वी, एका सकाळी बरोबर सव्वासातला, माळावरच्या फुटबॉल संघाची निवड सुरू झाली. आदल्या साली सगळे सामने हरल्यामुळे, बाकीच्या संघांच्या आधी बचावपटू निवडायचा मान या संघालाच मिळाला होता. टिटवीचा जीव मात्र टांगणीला लागला, कारण तिची चार अंडी गोलच्या खांबांमागे उघड्यावर होती.

कप्तान कोल्हा रेड्याची छाती मापून खूश झाला. “पळून दाखवा, रेडेराव!”

रेडा उधळला तो थेट अंड्यांकडेच. टिटवी पंख पसरून आडवी आली. “मेल्या, डोळे फुटले का तुझे? टाकून बघ एक पाऊल पुढं!”

रेडा जागीच थबकला.

कोल्हा म्हणाला, “टिटवीबाई, झाली आमची निवड! बचावपटू तुम्हीच!”

“खेळेन की, पण गोल इथून हलवायचा नाही.”

त्या साली संघावर एकही गोल झाला नाही, आणि पिल्लंही चारच्या चार निघाली. एवढं सगळ्या आयांच्या कानावर घाला बाई.