टिटवीची अंडी आणि मुंगसाचा फोटो

एका उघड्या माळावर टिटवीचे एक जोडपे राहत असे. मुलांनो, टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. ती जमिनीवर, खड्यांमध्येच अंडी घालते. अंड्यांचा रंगही खड्यांसारखाच, त्यामुळे दोन हात अंतरावर उभे राहिले तरी ती दिसत नाहीत. त्या वर्षी टिटवीने चार अंडी घातली आणि त्याच सुमारास माळावर मोबाइल आले. पक्षी मोबाइल धरतो कसा, असे कोणी विचारू नये. गोष्ट ऐकायची तर गप्प बसून ऐकावी.

टिटवीने अंड्यांचा फोटो टाकला. तासाभरात साठ जणांनी अंगठे दिले. टिटवीला फार बरे वाटले. आजवर तिच्या अंड्यांना कोणी छान म्हटले नव्हते, कारण आजवर ती कोणाला दिसलीच नव्हती. मग रोजचेच झाले. सकाळची अंडी, दुपारची अंडी, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर केलेली अंडी. टिटवा कुरकुरला, "अगं, अंडी तीच, खडे तेच. रोज नवीन काय दाखवतेस?"

"तुम्हाला नाही कळायचं. सगळे वाट बघत असतात."

वाट बघणाऱ्यांत एक मुंगूसही होते. त्याने लिहिले, "ताई, किती गोजिरी अंडी! मागे दिसतो तो वाकडा पळस टेकडीखालचाच ना?" टिटवीने लगेच कळवले, "हो भाऊ! त्याच्यापासून वीस पावलांवर. बरोबर ओळखलंत!"

उन्हाळ्यात टिटव्या ओढ्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून आणतात आणि ओल्या पोटाने अंडी गार करतात. एक जाते तेव्हा दुसरा अंड्यांवर बसतो. हा नियम या दोघांनी कधी मोडला नव्हता. पण त्या दुपारी टिटवी म्हणाली, "आज तुम्हीही चला. जोडीचा फोटो हवाय."

"आणि अंडी?"

"पाच मिनिटांत काय पळून जाणार आहेत?"

टिटवा गेला. बायकोपुढे त्याचे फारसे चालत नसे. ओढ्यावरच्या बगळ्याने दोघांचा फोटो काढून दिला. टिटवीने तो टाकून खाली लिहिले, "आम्ही दोघं ओढ्यावर. गार गार!" मुंगसाचे उत्तर आलेच. "मजा करा ताई. मुळीच घाई करू नका." टिटवी हरखली. "बघा, किती मायाळू आहे!" आणि तिने आणखी दोन फोटो काढून घेतले, एक मान डावीकडे करून, एक उजवीकडे.

इतक्यात मोबाइल पुन्हा वाजला. आता मुंगसाने स्वतःचा फोटो टाकला होता. मिशा नीट विंचरलेल्या, पुढे चार अंडी ओळीने मांडलेली आणि खाली लिहिलेले, "आजचा बेत!" सवयीने टिटवी अंगठा द्यायला गेली आणि जागीच थिजली. "अहो, ही तर आपली!"

दोघे बाणासारखे सुटले. अंड्यांपाशी पोचले, तर मुंगूस अजून जेवले नव्हते. त्यालाही टिटवीचाच रोग. सात अंगठे आले होते, दहा झाल्यावर अंड्यांना हात लावायचा असे ठरवून ते मोबाइलमध्ये मान घालून बसले होते. आठवा अंगठा यायच्या आत टिटव्याने त्याच्या टाळक्यात चोच हाणली आणि टिटवीने शेपटीचे केस उपटले. "ताई, ताई, मी राखण करत होतो!" असे ओरडत मुंगूस जे पळाले, ते टेकडीपलीकडे जाऊनच थांबले.

टिटवीने चारही अंडी उलटून पालटून पाहिली. एकालाही तडा नव्हता. ती ओल्या पोटाने त्यांच्यावर बसली. चार दिवसांनी शेजारच्या होला पक्ष्याने मोबाइलवर विचारले, "वहिनी, बऱ्याच दिवसांत फोटो नाही. अंडी आहेत कुठे?"

"माझ्या पोटाखाली," एवढेच लिहून टिटवीने मोबाइल बंद केला.

तात्पर्य : जे जपायचे, ते जगाला दाखवत सुटू नये. वाहवा करणाऱ्यांत टपून बसलेलाही एखादा असतो.