खडकवणीचं 'व्हय जी' तळं

डोंगरमाथ्यावरचं हे कोरडं तळं नीट बघून घ्या मंडळी. पायऱ्या बघा, कडेचं चिरेबंदी काम बघा. धो धो पाऊस पडला तरी आठ दिवसांत कोरडं ठणठणीत! आमच्या खडकवणीत ह्याला 'व्हय जी' तळं म्हणतात. हसू नका, नाव उगाच पडलेलं नाही.

फार जुनी गोष्ट. ह्या मुलखावर एक जुलमी राजा होता म्हणे, आणि त्याच्याविरुद्ध दुलबाजी घोगरे ह्या सेनापतीनं बंड उभारलं. बारा वर्षं तो ह्याच डोंगरात राहिला. त्याच्या सोबतीला यल्लप्पा वडार. खोदकामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कुदळीच्या आवाजावरून जमिनीच्या पोटातला दगड ओळखायचा. आणि तोंडाचा फटकळ! दुलबाजीनं बेत सांगितला की हा म्हणायचा, "नाही दुलबा, जमायचं नाही. मरशील." दुलबाजी चिडायचा, शिव्या घालायचा, पण ऐकायचा. म्हणून तर वाचला.

राजा पळाला. लोकांनी दुलबाजीलाच साऱ्या देशाचा कारभारी केला, आणि तिथून त्याचं डोकं फिरायची वेळ आली. काही बोला, समोरून एकच उत्तर, "व्हय जी." बरोबर बोललं तरी व्हय जी, चूक बोललं तरी व्हय जी. कुणाला विचारावं, कुणाशी भांडावं? बिचारा नुसता धुमसत असायचा.

बंडाच्या दिवसांत त्यानं खडकवणीच्या बायांना शब्द दिला होता, की तुमची पाण्याची पायपीट मी थांबवीन. त्यासाठी तो आला, माथ्यावर काठी टेकवली आणि यल्लप्पाला म्हणाला, "इथं तळं खण." यल्लप्पानं कुदळ मारून पाहिली. खाली सगळा भेगाळलेला खडक. इथं पाणी राहायचं नाही, हे त्याला पहिल्याच घावाला कळलं, असं सांगतात. तो म्हणाला, "व्हय जी."

तीन वर्षं अख्खं गाव राबलं. पहिल्या पावसात तळं भरलं, आणि दुलबाजी कारभारातून सवड काढून बघायला आला तोवर तळाशी नुसता चिखल. बाया रिकाम्या घागरी घेऊन काठावर उभ्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"यल्लप्पा, तुला ठाऊक नव्हतं?"

"होतं जी."

"मग बोलला का नाहीस? बारा वर्षं माझं डोकं खाल्लंस, आणि इथंच दातखीळ बसली?"

"तेव्हा तुम्ही आमचे होता. आता देशाचे झालात. देशाला नाही कसं म्हणायचं?"

दुलबाजीनं पागोटं चिखलात आपटलं. "अरे, मला नाही म्हणणारा एक तरी माणूस पाहिजे रे! आत्ता म्हण. माझ्या तोंडावर म्हण, नाही!"

यल्लप्पानं हात जोडले. "व्हय जी."

सेनापती तिथंच बसून रडला म्हणे. जाताना गावाला बजावून गेला, की ह्यापुढं कुठलंही काम ठरवण्याआधी एकानं उठून 'नाही' म्हटलंच पाहिजे.

आजही आमची ग्रामसभा तो नेम मोडत नाही. पाळीपाळीनं एकेकाला उठवतात. यंदा ह्या तळ्याभोवती बाग करायचा ठराव आला, आणि पाळी माझी होती. मी उठलो, म्हणालो, "नाही. आधी बायांच्या पाण्याचं बघा." अगदी पोटतिडकीनं म्हणालो हो! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरपंच म्हणाले, "चला, आबांचं नाही म्हणून झालं," आणि ठराव एकमतानं मंजूर केला.