फेकायची कुऱ्हाड

शुक्रवारचं व्रत धरताना देवीपुढे बोलले होते, लेकीचं बाळंतपण सुखरूप झालं की उद्यापनाला एक गोष्ट सांगेन. झालं सगळं नीट. आता ऐका, बायांनो.

“महाराज, हिच्यात उणं काय आहे?” रंभाजीनं विचारलं.

डोंगरावरच्या मठात अंबूगिरी महाराज रंभाजीसारख्या पोरांना कुऱ्हाड फेकायला शिकवत. आज देवीची जत्रा. ओंडक्यावरच्या कुंकवाच्या टिळ्याच्या सगळ्यांत जवळ ज्याची कुऱ्हाड रुतेल, त्याच्या हाती पालखीपुढची मशाल. रंभाजीला ती इतकी हवी होती, की सकाळपासून घास गिळवत नव्हता. खाली ढोल सुरू झाला होता.

त्यानं सगळ्यांत देखणी कुऱ्हाड उचलली होती. पातं लखलखीत, दांड्याला चामडं गुंडाळलेलं.

“बघा ना, हातातून हलतसुद्धा नाही.”

“फेक.”

त्यानं फेकली. चामडं तळव्याला चिकटलं, कुऱ्हाड उशिरा सुटली, आणि सरावाच्या ओंडक्याच्या अलीकडेच मातीत गेली.

महाराजांनी दुसरी कुऱ्हाड दांड्याला धरून उभी केली, अन् मूठ सैल केली. ती बोटांना अडखळत मातीत पडली. मग तिसरी…

“पाडताय कशाला?”

“निवडतोय.”

“असं निवडतात होय?”

“तू धरून बघितलीस… मी सोडून बघतोय.”

चौथी काळपट होती. उघड्या लाकडाचा सरळ, गुळगुळीत दांडा. बोटं उघडताच पाण्यासारखी निसटली.

“ही नेऊ? लोक हसतील हो.”

“हसू देत.”

खाली जत्रेच्या मैदानात रंभाजीनं तीच फेकली. एक गिरकी, आणि खाडकन टिळ्याला लागून रुतली. लोकांनी एकच गलका केला. तो धावत गेला, कुऱ्हाड उपटून छातीशी धरली.

“सापडली, महाराज. आता हिला कुणाला हात लावू देणार नाही.”

फेकायचा एकटा कोंडाजी उरला होता, शेजारच्या गावचा. तो रिकाम्या हातानं पुढे आला.

“माझा दांडा तडकलाय. रंभाजीदादा, तुझी देतोस?”

ढोल थांबला.

रंभाजीनं महाराजांकडे पाहिलं. “दिली तर मशाल जाईल.”

“जाईलही…”

“मग?”

महाराज हसले.

“तुझी फेक अजून पुरी झाली नाही रे. मूठ उघड.”