राखणदार शेळी

डोंगरांना अजून नावं नव्हती तेव्हाची गोष्ट. उंचावरच्या एका रखरखीत गावात यांगडोल नावाची म्हातारी राहत होती. हिवाळ्याच्या बेगमीसाठी ती घराच्या धाब्यावर जर्दाळू वाळत घाली. एका दुपारी तिची शेळी शिडीने वर चढली आणि जर्दाळूंवर ताव मारू लागली. तेवढ्यात म्हातारी वर आली.

शेळी घाबरून म्हणाली, "आजी, बरं झालं आलीस! कावळे फार माजलेत. मी राखण करत होते."

शेळीच्या दाढीला गर चिकटला होता. म्हातारी हसली. "गुणाची गं माझी! मग रोज तूच राखण कर."

असं म्हणून तिने शेळीच्या तोंडाला मुसकी बांधली.

त्या दिवसापासून शेळी कावळ्यांना अगदी मनापासून हाकलू लागली. आपल्याला मिळत नाही ते दुसऱ्याने खाल्लेलं तिला बघवेना!