हौसाबाईचा साक्षीदार

भिवसेन कोळपे दारू पिऊन टेम्पो चालवताना पकडला गेला आणि त्याचं लायसन सहा महिन्यांसाठी गेलं. सहा महिने त्याने बैलगाडीतून भाजी बाजारात नेली आणि तो दारूच्या थेंबालाही शिवला नाही. मुदत संपताच तो बायकोला, हौसाबाईला, बैलगाडीत बसवून लायसन परत आणायला आरटीओ कचेरीत गेला.

तिथले साहेब सकाळी दहालाच वेलदोडे चघळत होते. त्या वेलदोड्यांमागचा वास सहा महिन्यांपूर्वीपर्यंत हौसाबाईच्या घरात रोजचा होता.

"दारू सुटली म्हणून कोण सांगतं? बायको?" साहेब म्हणाले. "बायको नवऱ्याचीच बाजू घेणार. कुणाचीच बाजू न घेणारा साक्षीदार आण, नाहीतर टेम्पो विसर."

"आणलाय की साहेब," हौसाबाई म्हणाली. "खिडकीतून बघा. तो आमचा सोन्या. दारूचा वास आला की माणसाला शिंगावर घेतो. सहा महिने हेच त्याला जुंपतायत. ह्यांच्या बरगड्या मोजून घ्या. तरी शंका असेल, तर तुम्ही स्वतः त्याच्यासमोर उभे राहून खात्री करा."

साहेबांनी बैलाकडे पाहिलं. शिंगांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"मुकं जनावर कशाला खोटं बोलेल?" असं म्हणून त्यांनी सही केली.

बाहेर आल्यावर भिवसेन म्हणाला, "अगं, सोन्याने कधी कुणाला शिंग लावलंय? गरीब गाय आहे तो."

"असू दे. तुम्ही दारू सोडलीत हे तर खरं ना? साहेबांना ते माझ्या तोंडून पटेना, बैलाच्या तोंडून पटलं."