शेपटाला लावलेली पाटी

एकदा एक गुरुजी होते. पुठ्ठ्याच्या नळीची लहानशी रॉकेटे करायची आणि ती आकाशात सोडायची, ही विद्या ते शिकवीत. विद्या अगाध होती. हट्ट त्याहून अगाध. उड्डाणापूर्वी प्रत्येक रॉकेटचा तोल जिथे साधेल तिथे दोरी बांधायची आणि पाखरे हाकलणारा जशी गोफण फिरवतो, तसे ते डोक्याभोवती गरगर फिरवायचे, हा त्यांचा नेम. नाक पुढे राखून फिरले तर उडवायचे, शेपूट पुढे आले तर मुकाट्याने खाली ठेवायचे. घाई करणाऱ्याला त्यांचे उत्तर ठरलेले असे: "आधी फिरव."

त्यांच्या एका शिष्याने सहा वर्षे हा मंत्र ऐकला होता आणि आता त्याचे कान किटले होते. आज त्याने स्वतः घडवलेले पहिले रॉकेट उडणार होते. ते सरळ गेले तर मुलांचा वर्ग शिष्याच्या हाती सोपवायचा, असे गुरुजींनी कबूल केले होते. गडी रात्रभर त्याच आनंदात होता. आदल्या संध्याकाळी त्याने अंगणात रॉकेट एकदा नव्हे, तीनदा फिरवले होते, तेही तळाशी शोभेच्या दारूची नळी बसवून. तिन्ही वेळा नाक पुढे. आणखी काय हवे?

सकाळी मैदानावर पाहुणे जमले. तीस पावलांवर सतरंजी घालून मुले बसवली होती. मैदान ज्या व्यापाऱ्याचे, तो एक पितळी पाटी घेऊन आला. आपल्याकडे पंख्याच्या पात्यावरही 'यांच्या स्मरणार्थ' लिहिलेले असते, मग रॉकेट तरी का सुटावे? पाटीवर त्याच्या कैलासवासी वडिलांचे नाव होते.

"खाली लावा हो, पंखांच्या मधोमध," व्यापारी म्हणाला. "पुढच्या खुर्च्यांवरून वाचता आली पाहिजे."

ज्याच्या मैदानात उभे राहायचे त्याला नाही कसे म्हणायचे? शिष्याने तारेने पाटी घट्ट आवळली. रॉकेट सुटताना सरळ राहावे म्हणून जमिनीत रोवलेल्या दांडीवर ते चढवून तो वात लावायला वाकला, तोच मागून आवाज आला.

"आधी फिरव."

शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गुरुजी, काल तीन वेळा फिरवलंय! तुमच्या डोळ्यांदेखत! आता चारचौघांत माझी शोभा करायचीय का?"

"फिरव."

पोरे फिदीफिदी हसू लागली. शिष्याने दात-ओठ खात दोरी काढली आणि कालच्या खुणेवर गाठ मारली. रॉकेट शेपटाकडे कलले. "असेल जरा इकडेतिकडे," असे पुटपुटत त्याने गाठ दोन बोटे खाली सरकवली आणि रागाच्या भरात जोराने फिरवले. रॉकेट आधी डुगडुगले, मग आडवे झाले, आणि शेपूट पुढे करून फिरू लागले.

"वारा आहे," शिष्य म्हणाला. पुन्हा फिरवले. पुन्हा शेपूट पुढे. सतरंजीवरचे हसणे थांबले.

गुरुजी काठी टेकत जवळ आले. त्यांचाही आता संयम संपला होता. "सहा वर्षं घसा कोरडा केला मी, आणि तू वाऱ्याला बोल लावतोस? काल तू फिरवलंस ते रॉकेट आज इथे नाहीच. शेपटाला पाटी लागली, तेव्हाच हे दुसरं झालं. कालचा निकाल कालच्या रॉकेटचा. पाटी लावताना तुला मालकांची मर्जी दिसली, समोर बसलेली लेकरं दिसली नाहीत. दांडी सुटल्यावर हे कुठे वळलं असतं, सांगता येईल तुला? वजन वाढलं म्हणून मी रागावत नाही. ते कुठे बसलं, आणि बसल्यावर तू पुन्हा पाहिलंस का, एवढंच विचारतो."

शिष्याने सतरंजीकडे पाहिले. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी तोंड उघडे टाकून रॉकेटकडे पाहत होती. वर्ग गेला, हे त्याने मनोमन स्वीकारले. त्याने तार उलगडून पाटी सोडवली आणि व्यापाऱ्यापुढे धरली.

"मालक, ही खाली राहणार नाही. म्हणाल तर नाकाच्या पोकळीत बसवतो, नाहीतर ही घ्या परत."

"आतमध्ये कोण वाचणार?" व्यापारी उखडला.

"कुणीच नाही. पण तिथे ती रॉकेटला सरळ ठेवायला मदत करेल."

व्यापाऱ्याने पाटीवरल्या नावावरून बोट फिरवले. "बसवा," तो अखेर म्हणाला. "आमचे बाबाही सरळच होते. पण आता आटपा, पाहुणे खोळंबलेत."

पाटीचा पातळ पत्रा वळवून शिष्याने नाकात पक्का बसवला आणि रॉकेट पुन्हा दांडीवर चढवले. गुरुजी खुर्चीवर जाऊन बसले होते. या वेळी ते काहीच बोलले नाहीत. शिष्याचा हात वातीकडे गेला, थबकला, आणि त्याने रॉकेट दांडीवरून उतरवले.

"अहो, आता काय राहिलं?" व्यापाऱ्याने कपाळावर हात मारला.

"मालक, हे तिसरं रॉकेट आहे," शिष्य म्हणाला आणि बोटावर तोल शोधू लागला.

गुरुजी मुलांकडे वळले. "नीट बघून ठेवा रे," ते म्हणाले. "उद्यापासून तुम्हाला हेच शिकवणार आहेत."